पाचवी कात

१

सकाळी सातला कुलूप काढायचं, जाळीच्या पिंजऱ्यांवरची फडकी उचलायची आणि कालपासून कोणी कोणी कात टाकली ते मोजायचं, एवढंच माझं काम होतं. शहराबाहेर, दौलताबादच्या रस्त्याला, शेतकी खात्याची एक लांबट खोली होती. तिला सगळे किड्यांचा बंगला म्हणत. त्या बंगल्याचा मी मुन्शी. फसली तेराशे एक्केचाळीसचं साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बत्तीस. आदल्या दोन वर्षांत टोळांनी मुलखातली ज्वारी फस्त केली होती, म्हणून हैदराबादेहून हुकूम आला होता की टोळ पाळा आणि तो वाढतो कसा ते बघा.

टोळाचं पिल्लू आत वाढतं, पण अंगावरचं कवच वाढत नाही. मग ते पाठीवर उभं चिरतं आणि पिल्लू त्यातून बाहेर येतं. असं पाच वेळा. पाचव्या वेळी ते पंख घेऊन येतं, आणि त्यानंतर जन्मात कात टाकत नाही. टाकलेली प्रत्येक कात मी चिमट्यानं उचलायचो, डोक्याची रुंदी मोजायचो, पुठ्ठ्यावर चिकटवायचो आणि उर्दूत नोंद करायचो. दर कातीला डोकं आधीच्या जवळजवळ दीडपट भरतं. टोळ हा नियम मोडत नाहीत. मला ते फार आवडे. माणसांच्या बाबतीत इतका भरवशाचा नियम मला कधी सापडला नाही.

आमचे अंमलदार फारूखसाहेब हे सगळं रंगून सांगायचे. "मुन्शीजी, लोकांना वाटतं किडा कपडे काढल्यासारखी कात काढतो. बिलकूल नाही! आधी आतल्या आत नवी कातडी तयार होते. मग तो एक रस सोडतो. त्या रसात खमीर असतं. आपल्या नानच्या पिठाला लागतं ना, त्याच्याच भावकीतलं समजा. ते जुनं कवच आतून गाळतं, गाळलेलं किडा पिऊन टाकतो, अन् बाहेर राहतो तो निस्ता कागद. मियाँ, तो जुनं घर खाऊन नवं घर बांधतो."

"आणि बाहेरून काहीच दिसत नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"बाहेरून दिसतं की किडा चुपचाप बसलाय. बस."

त्या कवचाच्या पदार्थाला ते कायटिन म्हणत. ते ओळखायची खूणही त्यांनीच शिकवली. कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात उकळायचं. केस, नख, लोकर, सापाची कात, सगळं विरघळून जातं. कायटिन तेवढं तसंच राहतं.

२

माझं क्वार्टर बंगल्याच्या मागेच होतं. पुढे ओटा, आत दोन खोल्या, वर कौलं, आणि कौलांची माती अंगावर पडू नये म्हणून खाली ताणलेलं मांजरपाटाचं छत. त्यात मी एकटा राहायचो. बायको वच्छला आणि मुलगी द्वारका दोन वर्षांपासून देवगाव रंगारीला माझ्या सासऱ्यांकडे होत्या.

भांडण त्या छतावरूनच झालं होतं. मला मोठ्यानं वाचायची खोड आहे. दिवेलागणीला खुर्चीत बसायचं, घसा खाकरायचा आणि हाताला येईल ते वाचायचं. वच्छला म्हणायची, "वर कोणीतरी हाय. तुम्ही वाचाया लागले की गप बसतंय, अन् तुम्ही थांबले की सरकतंय."

मी हसलो. एकट्यात हसलो असतो तरी चाललं असतं, पण मी तिच्या भावासमोर हसलो. "किड्यामुंग्यांचा मुन्शी मी, अन् मला तू शिकवतेस? उंदीर आहेत. तुम्हा देवगावच्या लोकांना उंदराचंसुद्धा भूत दिसतं." ती उठून आत गेली. आठ दिवसांनी भावाबरोबर माहेरी गेली ती गेलीच. तेव्हा द्वारकी तीन वर्षांची होती, मला दादा म्हणायची.

दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं. वच्छला चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं आणि स्वच्छ. द्वारकीचे दात, द्वारकीचा ताप, द्वारकी नुसती खुदुखुदु हसते, असला मजकूर. माझ्याबद्दल चकार शब्द नसे. मी ते पत्र चार-चार दिवस मोठ्यानं वाचायचो. उत्तर लिहितानाही प्रत्येक वाक्य तोंडानं बोलायचो. घरात आवाज असावा म्हणून, दुसरं काय. आणि हे इथंच सांगून टाकतो, दोन वर्षांत मला तो वरचा सरकण्याचा आवाज चांगला ऐकू येऊ लागला होता. वाचायला लागलो की थांबायचा. मला ते उंदीर फार समजूतदार वाटायचे.

३

पाडव्याच्या दिवशी दाराआड केरसुणी घ्यायला हात घातला आणि बोटांना कागदासारखं काहीतरी लागलं.

कात होती. वीतभर लांब, मधाच्या रंगाची, भिंतीला नखं रोवून चिकटलेली. पाठीवर उभी चीर. मला आधी धामणीची वाटली, पण धामणीला पाय कुठले? डोक्याची रुंदी सव्वा इंच भरली. इतक्या मोठ्या डोक्याचा किडा आपल्या मुलखात नाही, कुठेच असेल असं वाटत नाही.

मी एक पाय तोडून बंगल्यात नेला आणि पोटॅशमध्ये तासभर उकळला. पाणी पिवळं झालं. पाय तसाच राहिला.

फारूखसाहेबांना दाखवला तेव्हा त्यांनी भिंगातून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "खेकडा असेल, मुन्शीजी. कोणीतरी खाऊन टाकला असेल."

"साहेब, माझ्या घरात खेकडा कोण खाणार?"

"तेच म्हणतो. अकेले राहता, काहीही दिसतं. बीवीला आणा."

मला राग आला. त्या दिवसापासून मी त्यांना काही दाखवलं नाही. रागाबरोबर लोभही होता, तो का लपवू? नवा किडा सापडला तर त्याला शोधणाऱ्याचं नाव देतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या घराण्यात आजवर विहिरीलाही कोणाचं नाव लागलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी त्या वेळी मनावर घेतली नाही. टोळ कात टाकताना डोकं खाली करून लटकतो. वजनानं अंग सुटायला सोपं जातं म्हणून. ही कात डोकं वर करून होती, आणि ते डोकं मान वळवल्यासारखं माझ्या खुर्चीच्या दिशेला होतं.

४

दुसरी कात हनुमान जयंतीच्या सुमाराला मिळाली. आतल्या खोलीत खुंटीवर वच्छलेचं एक जुनं लुगडं लटकत होतं, त्याच्या घड्यांत. डोकं पावणेदोन इंच. सव्वाची दीडपट जवळजवळ तेवढीच. नियम बरोबर लागू पडला तेव्हा मला केवढा धीर आला! जे नियमानं वाढतं त्याला भिण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला मोठ्यानं म्हणालो. वरची सरसर थांबली.

मी दोन्ही काती पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि पलंगाखाली ठेवल्या.

पुढे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला साहेबांनी मला आठ दिवस सिल्लोडकडे पाठवलं. तिकडच्या माळावर टोळांनी अंडी घातली आहेत का ते बघायला. घराची किल्ली झाडलोट करणाऱ्या सरूबाईकडे ठेवली. सरूबाई शेजारच्या वस्तीतली, वयानं माझ्या आईएवढी, तोंडानं फटकळ. परत आलो तेव्हा घर लख्ख होतं. मी कानाकोपरा पाहिला, कात नव्हती.

तिसरी सापडली ती वैशाख सरताना. माझ्या पलंगाच्या वर, भिंतीला. डोकं खाली करून मला बघत असल्यासारखी. म्हणजे मी किती रात्री तिच्याखाली झोपलो कोण जाणे. अंग द्वारकीएवढं होतं, माहेरी गेली तेव्हाच्या. डोकं पावणेचार इंच.

मी तीनदा मोजलं. पावणेदोनाचे अडीच-पावणेतीन व्हायला हवे होते. हे दुपटीच्या वर गेलं होतं. टोळ असता तर मी म्हटलं असतं, मुन्शीजी, मधली एक कात तुमच्या नजरेतून सुटली. पण घरात मी एकटा, कात सुटणार कुठे? उन्हाळ्यात किडे लवकर वाढतात, खाणं चांगलं मिळालं असेल, असं मी ठरवलं आणि पुठ्ठ्यावर 'तिसरी' असं लिहिलं.

खाणं म्हणजे काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

५

त्याच आठवड्यात वच्छलेचं पत्र आलं. ते मी खुर्चीत बसून घसा खाकरून वाचायला घेतलं, आणि मध्येच थांबून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. तिनं लिहिलं होतं, 'द्वारकी आता पाचाची झाली. दादा कसा दिसतो म्हणून विचारते. मला सांगता येत नाही. मी यायला तयार आहे. पण एक विचारते त्याचं उत्तर खरं लिहा. आढ्यात आवाज येतो का अजून? येत असेल तर तसं लिहा, मी रागावणार नाही, आपण दुसरीकडे बघू. पण खोटं लिहू नका. खोटं निघालं तर मी पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही.'

दोन वर्षांत मला कोणी इतकं प्रेमानं काही लिहिलं नव्हतं. मी पत्र डोळ्यांना लावलं, हे सांगायला लाज वाटत नाही.

आवाज तर येत होता. पलंगाखाली तीन पुठ्ठे होते. खरं लिहायचं तर लिहावं लागणार होतं की तू बरोबर होतीस आणि मी तुझ्या भावासमोर मूर्खासारखा हसलो. तेही लिहिलं असतं. पण दुसरीकडे बघायचं म्हणजे कुठे? क्वार्टर नोकरीबरोबरचं. नोकरी गेली तर देवगावला सासऱ्यांच्या ओसरीवर बसायचं. मी ठरवलं की अजून दोन काती. पाचवीनंतर त्याला पंख फुटतील, ते उडून जाईल, मग खरं लिहिता येईल. उत्तर मी लांबवलं.

६

ज्येष्ठाच्या मध्यावर, दुपारी जेवायला घरी आलो. दार ढकललं तर माझ्या खुर्चीत कोणीतरी बसलेलं होतं.

कात होती. पण ती बसली होती. पुढे वाकून, पुढचे दोन पाय टेबलाच्या कडेवर ठेवून, जसा मी वाचायला बसतो तशी. पाठ मानेपासून कमरेपर्यंत उकललेली, आत पोकळ. उन्हात सगळी आरपार दिसत होती. डोळ्यांवरची कातही किडा टाकतो, तशा दोन गोल काचा जागच्या जागी होत्या. टेबलावर वच्छलेचं पत्र उघडं होतं. मी ते घडी घालून डब्यात ठेवलेलं होतं.

ओरडावं असं वाटलं, पण ऐकणार कोण? मी उभ्यानंच मापं घेतली. डोकं साडेपाच इंच. मग का कोण जाणे, तेच माप मी माझ्या कपाळाला लावलं. साडेपाच.

पुढच्या पायांच्या टोकाला नख्या नव्हत्या. पाच फुगीर टोकं होती, आणि त्यांवर बारीक गोल रेघा. मी त्यातली दोन टोकं कापून बंगल्यात नेली आणि उकळत ठेवली. तासाभरानं कायटिनचा पापुद्रा तळाशी तसाच होता, पण टोकं विरघळून गेली होती. नखं विरघळतात तशी.

सुरुवातीच्या पायाचं काहीही विरघळलं नव्हतं. म्हणजे ते नुसतं वाढत नव्हतं, कशाकडे तरी जात होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी काही वाचलं नाही. वर ते बराच वेळ सरकत राहिलं, मग एका जागी थांबलं. वाट बघत असल्यासारखं वाटलं मला, आणि माझी मलाच कीव आली, कारण मलाही तेव्हा तशीच वाट बघायची सवय झालेली होती.

त्या पुठ्ठ्यावर मी 'चौथी' असं लिहिलं.

७

त्यानंतर आवाज थांबला.

आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना उलटला. शेवटच्या दोन कातींमध्ये तर तीन आठवडेही गेले नव्हते. पाचवी कात मिळेना. मी लुगड्याच्या घड्या झटकल्या, सरपणाची रास उपसली, शेवटी शिडी लावून छताचं कापड हातभर फाडलं आणि कंदील वर धरला. कौलांखाली वर्षानुवर्षांची धूळ होती. एका जागी मात्र धूळ अजिबात नव्हती. माणूस कुशीवर झोपला तर जेवढी जागा लागेल तेवढी.

ते तिथं नव्हतं. मी खाली उतरलो आणि विचार केला. पिंजऱ्यात कितीतरी पिल्लं कात टाकता टाकता मरतात. रस कमी पडतो, जुनं कवच नीट गळत नाही, पिल्लू त्यातच अडकतं. पाचव्या वेळी तर फार. मेलं असेल. मढं मुंग्यांनी नेलं असेल. एवढं मढं मुंग्या कशा नेतील हे मी विचारलं नाही. मला वच्छला हवी होती. द्वारकीला दादा कसा दिसतो ते दाखवायचं होतं. हवं असलेलं उत्तर माणूस किती चटकन पाठ करतो!

खुर्चीत बसलो, घसा खाकरला आणि एकेक शब्द तोंडानं म्हणत लिहिलं, 'सौ. वच्छलेस आशीर्वाद. तू म्हणत होतीस ते खरं होतं, मी हसलो ते चुकलं. पण आता आवाज थांबला आहे. मी वर चढून स्वतः पाहिलं. घरात आता कोणी नाही. तू ये.'

ते शेवटचं वाक्य मला फार आवडलं. मी ते दोनदा वाचलं. घर इतकं गप्प होतं की खरं सांगू का, मला करमेना.

८

आषाढ सरताना उत्तर आलं. बुधवारी निघतो, सासऱ्यांची गाडी दौलताबादपर्यंत, पुढे टांगा, दिवेलागणीच्या आत पोचू.

बुधवारी दुपारनंतर सरूबाईला घर सारवायला बोलावलं होतं. दार मी नुसतं लोटून ठेवलं होतं. ओट्यावर शेणाची पाटी ठेवून ती आधी मला सांगायला बंगल्यावर आली. मी पिंजऱ्यांपाशी पुठ्ठे लावत होतो. तिनं वाकून एक पुठ्ठा पाहिला.

"मुन्शीजी, हे बी कातच का? टोळाची?"

"हो."

"लई बारीक हाय. तुमच्या घरातली केवढी मोठी होती, बाई! धामणीची असंल."

"माझ्या घरातली? तुम्ही कधी पाहिली?"

"तुम्ही सिल्लोडला गेलते ना, तवा. सरपणात घावली. मी नेली घरी. नातवाला नजर झाली व्हती, धुरी द्याया. सापाच्या कातीची धुरी लई चांगली. राग नगा मानू, मला वाटलं तुम्हाला काय करायची."

"डोकं केवढं होतं?"

"आता ध्यान नाय राहिलं." मग तिनं अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवलं. "एवढं. पर इचित्रच व्हती, मुन्शीजी. जळता जळंना. निस्ता धूर."

तिच्या बोटांमधलं अंतर मी नजरेनंच मोजलं. अडीच इंच.

पावणेदोन, अडीच, पावणेचार. नियम कुठेच मोडला नव्हता. तिसरी ती चौथी होती, आणि खुर्चीत बसलेली ती पाचवी. ते मेलं म्हणून काती थांबल्या नव्हत्या. ते पुरं झालं म्हणून थांबल्या होत्या. अडीच हजार काती मोजलेला माणूस मी! पिंजऱ्यात हे मला दोन मिनिटांत कळलं असतं.

"तुम्ही घरी जा सरूबाई, आज सारवू नका," एवढं मी बोललो आणि पळालो.

९

क्वार्टरच्या फाटकाशी टांगा उभा होता. मायलेकी लवकर पोचल्या होत्या.

वच्छला ओट्यावर पेटीला टेकून बसली होती. थोडी वाळली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला पाहत होतो, आणि ती हसत होती. अजून तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. दाराकडे कान देऊन ती हसत होती.

आतून माझा आवाज येत होता. आधी घसा खाकरला, मग, "सौ. वच्छलेस आशीर्वाद. तू म्हणत होतीस ते खरं होतं..."

मी फाटक ढकललं. वच्छलेनं वर पाहिलं. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

"तुम्ही... तुम्ही बाहेर कसे?" ती म्हणाली. "आत तर वाचत बसलात. मी म्हटलं वाचू द्यावं. द्वारकीला आत धाडलं, म्हटलं जा, दादा हाय."

"मी वर चढून स्वतः पाहिलं," आतला आवाज म्हणाला. "घरात आता कोणी नाही. तू ये." आणि द्वारकी खुदुखुदु हसली.

दार कसं उघडलं ते आठवत नाही. खुर्ची हलत होती. द्वारकी टेबलापाशी मान वर करून उभी होती. मी फाडलेल्या छताच्या फटीतून काहीतरी वर ओढलं जात होतं, मिटलेल्या ओल्या छत्रीसारखं, तपकिरी, त्यावर शिरा. ते गेलं. शेवटी कापडाच्या कडेला पाच बोटं क्षणभर दिसली, आणि तीही गेली. छत एकदा खाली झुकलं, मग सरळ झालं.

द्वारकीनं माझ्याकडे पाहिलं, मग वर, मग पुन्हा माझ्याकडे.

"दादा, तू वर गेलता ना? मंग दारातून कसा आला?"

मी तिला उचलून बाहेर आणलं. दोन वर्षांनंतर तेवढ्या पंधरा पावलांपुरती ती माझ्या कडेवर होती. वच्छलेनं तिला माझ्याकडून घेतलं, अंग चाचपून पाहिलं, पेटी टांग्यात चढवली. मी म्हणालो, "मला वाटलं ते मेलं. वच्छले, मी मुद्दाम नाही लिहिलं. माझी मोजणी चुकली."

"मोजाया कोणी सांगितलं व्हतं?" ती म्हणाली. "मी निस्तं विचारलं व्हतं, आवाज येतो का." मग टांग्यात चढता चढता, "चला तुम्ही बी. आत्ता, हाय तसे."

मी घराकडे पाहिलं. ओट्यावर सरूबाईनं ठेवलेली शेणाची पाटी होती. नोकरी, क्वार्टर, सासऱ्यांची ओसरी, असं बरंच काही डोक्यात आलं आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. मी म्हणालो, "उद्या येतो. साहेबांना सांगून."

तिनं पुन्हा विचारलं नाही. टांगा वळला. द्वारकीनं मागं पाहून हात केला, पण तिचा हात फाटकाशी उभ्या माझ्याकडे नव्हता, दाराकडे होता.

१०

उद्या गेलो नाही. परवाही नाही. देवगावहून त्यानंतर पत्र आलं नाही.

त्या संध्याकाळी मी आत गेलो तेव्हा बंगल्यातली मोठी सळई हातात होती. दिवा लावला. छत स्थिर होतं. फट तशीच उघडी होती आणि तिच्यामागे अंधार. मी पलंगाच्या काठावर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं वर घसा खाकरल्याचा आवाज आला. माझाच. मग पत्र सुरू झालं, पहिल्या शब्दापासून. मी सळई घट्ट धरली आणि शेवटपर्यंत ऐकलं. 'घरात आता कोणी नाही. तू ये.'

मी दिव्याची वात चढवली.

मग वरून द्वारकी हसली. अगदी तशीच, खुदुखुदु, शेवटी श्वास अडकून उचकी लागल्यासारखी. दोन वर्षं मला तिचं हसू पत्रातूनच माहीत होतं. कानांनी मी ते इतक्या काळात एकदाच ऐकलं होतं, त्या दुपारी, दाराबाहेरून.

सळई मी भिंतीला टेकवून ठेवली. खुर्ची ओढून फटीच्या बरोबर खाली घेतली आणि बसलो.

"पुन्हा," मी म्हणालो.